टपोरी

सुनयनाच्या वहीत बाईंनी लिहिलं होतं, 'आपली मुलगी वर्गात टपोरी भाषा वापरते. भेटावे.' तिची आई शकुबाई चौथी शिकलेली. तिने ते दोनदा वाचलं आणि तिला भरून आलं. तिच्या साताऱ्याकडच्या गावात टपोरा म्हणजे भरलेला. टपोरा जुंधळा, टपोऱ्या शेंगा. पोरीचं बोलणंही तसंच निघालं म्हणायचं. सुनयनाने खाली मान घालून वही दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या दाणाबाजारात धान्य चाळताना शकुबाईने हे बायकांना कौतुकाने सांगितलं. गाळ्यावर हिशेब लिहिणारा रावसाहेब खो खो हसला.

"अगं मावशी, टपोरी म्हणजे नाक्यावरची मवाली पोरं. त्यांची भाषा बोलते तुझी पोरगी."

बायकाही हसल्या. शकुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. चाळण तिथंच टाकून तिने बस धरली आणि तडक घणसोलीची शाळा गाठली.

"काय बोलली माजी लेक?"

"उशीर का झाला विचारलं, तर म्हणाली, 'टेन्शन नका घेऊ मॅडम, आपुन आली ना.' सगळा वर्ग हसला."

"ह्ये उद्धट झालं. मग उद्धट लिवा. टपोरी कशापायी?"

"तसंच म्हणतात हल्ली."

"कोन म्हनतं? तुमच्याकडं शब्दांचं पुस्तक असंल, त्यात बगा."

बाईंनी नाखुशीने कपाटातून शब्दकोश काढला. 'टपोरा: मोठा, भरदार.' नाक्यावरची पोरं त्यात कुठेच नव्हती.

"शब्दांचे अर्थ बदलतात हो," बाई म्हणाल्या. "हा कसा बदलला, ते मलाही ठाऊक नाही."

"ठाव न्हाई, तर माज्या लेकीला कशाला चिकटवता? आमी ह्या शब्दानं दाना पारखतो. तुमी त्याची शिवी केली."

बाईंनी वही मागवून त्यातलं 'टपोरी' खोडलं आणि 'उद्धट' लिहिलं. शकुबाईने खाली सही केली. मग सुनयनाला बोलावून तिला बाईंची माफी मागायला लावली.

फाटकाबाहेर येताच तिने पोरीचा दंड धरला.

"काल मी वाचलं, तवा तुला अर्थ ठाव व्हता?"

"होता."

"मग बोलली का न्हाईस? सगळ्या बाजारात हसं झालं माजं."

"तू लय खूश झालेलीस, आई."

शकुबाईने उगारलेला हात खाली घेतला. राग मात्र उतरला नाही. आता तो कुणावर काढावा, तेच तिला कळेना.