लोखंडाच्या पोटातलं ओळखणारा

मी एक स्ट्रेन गेज बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. नखाएवढी पातळ चकती आणि तिच्यावर केसाहून बारीक रेघांच्या तीन जाळ्या, एवढाच माझा देह. माझा जन्म झाला ती खोली इतकी स्वच्छ होती, की माणसं शिंकायलासुद्धा बाहेर जायची!

माझं काम सांगतो. लोखंडाचे दोन तुकडे वेल्ड केले, की तापलेला जोड निवताना आक्रसू पाहतो आणि शेजारचं लोखंड त्याला आक्रसू देत नाही. ही ओढाताण आत कोंडून राहते. वरून बघाल तर सगळं गुळगुळीत, पण भार पडला की जोड तिथेच तडकू शकतो. ती सैल व्हावी म्हणून वस्तू भट्टीत तापवून सावकाश निववतात. पण ती खरंच सैल झाली का, हे ओळखतो मी.

दोन वर्षं पाकिटात पडून होतो. मग एका सकाळी मोजणीवाल्या ताईंनी मला चिमट्यात उचललं. समोर होती खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याची चौकट, नुकतीच भट्टीतून आलेली. वेल्डिंग केलं होतं कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या वेल्डरने. त्यांना सगळे मामा म्हणत.

"माझ्या कामाला भोक पाडणार?" मामा कडाडले.

"मामा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. दोन मिलिमीटरचं भोक, नंतर घासून साफ करू."

ताईंनी जोडाशेजारची जागा घासली, पुसली, मला चिकटवून अंगठ्याने दाबून धरलं. वायरी जोडल्या. मग माझ्या बरोबर मधोमध ड्रिल फिरू लागलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण आम्ही जन्मतो ते याच एका क्षणासाठी. भोक खोल गेलं तसं भोवतीचं लोखंड किंचित हललं, त्याच्याबरोबर मीही हललो आणि पडद्यावर आकडे सरकले. त्यावरून ताईंनी ताण काढला. शंभर मेगापास्कलच्या आत हवा होता, निघाला दोनशे चाळीस.

"गेजच खराब असेल," मॅनेजरसाहेब म्हणाले.

मला केवढं लागलं ते! ताईंनी माझ्याच पाकिटातलं दुसरं भावंड पलीकडे चिकटवलं. त्याने सांगितलं दोनशे पस्तीस. माझी छाती फुगली.

मामांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी भट्टीच्या तापमानाचा आलेख मागवला आणि त्यावर बोट फिरवत गेले. "ही रेघ इथे कड्यावरून पडल्यासारखी का?"

भट्टीवाल्याने मान खाली घातली. "दार लवकर उघडलं, मामा. चौकट एकदम गार झाली."

मग साहेबच म्हणाले, "त्याला मी सांगितलं होतं. ट्रक दारात उभा होता."

"साहेब," मामा हळू आवाजात म्हणाले, "माझा जावई उतरतो त्या खाणीत."

ट्रक रिकामा परत गेला. ताईंनी मला अलगद सोडवून वहीत चिकटवलं आणि चौकट पुन्हा भट्टीत गेली. या खेपेला मामा दारासमोर स्टूल टाकून बसले, दाराला कोणाला हात लावू देईनात. दोन दिवसांनी तिसऱ्या भावंडाने निकाल दिला, साठ! भट्टीवाल्याने सुस्कारा सोडला. साहेबांनी स्वतः खाणीवर फोन करून उशिराचं खरं कारण सांगितलं.

मामांनी ताईंची वही मागून घेतली, चष्मा चढवला आणि मला निरखलं. "अरेच्चा, एवढंसं आहे हे?"

हो, एवढासाच आहे मी. मधोमध भोक पडलंय, आता पुन्हा मोजता येणार नाही. त्याचं दुःख नाही. आयुष्यात एकदाच बोललो, पण खरं बोललो, आणि ऐकणारी माणसं भेटली. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठे कोणी खाली वाकून, श्वास रोखून माझ्या एखाद्या भावंडाला चिकटवत असेल, तर त्या माणसाला घाई करू नका. जरा थांबा.