कुरळ्या पानांचा मळा

श्राडरविलमध्ये बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, की आमची माणसं आधी हवापाण्यावर बोलतात. मग खुर्ची दाखवतात. कोर्टासमोर उभी केलेली तीन मजली उंच झुलती खुर्ची, जगातली दोन नंबरची. एक नंबरची शेजारच्या राज्यात आहे, हे आमची रंगवून झाल्यावर कळलं. बरं, आमची झुलतही नाही. उद्घाटनाला झुलली ती थेट महापौरांच्या गाडीवर, तेव्हापासून तिला खालून वेल्डिंग मारून ठेवलंय. मग सॉसेज दळायच्या यंत्रांचं म्युझियम आहे. किल्लीवाला घरी असेल तर उघडतं. एक गुहा आहे, पण वटवाघळांची झोपमोड नको म्हणून माणसांना मनाई.

राहता राहिल्या वायनऱ्या, म्हणजे वाइन करून विकणारे मळे. पाच आहेत. लोक सेंट लुईसहून येतात, हातात ट्रेलचं, म्हणजे या वायनऱ्यांच्या सफरीचं, छोटं पुस्तक घेऊन एकेका वायनरीत घोटभर पितात, पानावर शिक्का मारून घेतात आणि शेवटच्या शिक्क्यापर्यंत कुठल्या गावात आहोत तेच विसरतात. पाचही ठिकाणी दारात द्राक्षाच्या चार ओळी असतात, त्या फोटोपुरत्या. बाटल्या भरतात त्या दर मंगळवारी कॅलिफोर्नियाहून टँकरने येणाऱ्या तयार वाइनने. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि अख्खं गाव त्यावर गप्प आहे.

इर्मा स्टोल्टेला हेच खुपायचं. जन्मभर शाळेची बस चालवली, निवृत्त झाली आणि घरामागच्या टेकडीवर नॉर्टन जातीची द्राक्षं लावून बसली. एकच हट्ट: एक तरी बाटली अशी काढायची, की जिच्यात या टेकडीशिवाय दुसरं काही नाही. पहिली दोन वर्षं मुळं धरावीत म्हणून घोस कोवळे असतानाच कापून टाकायचे असतात. तेही तिने केलं, दात-ओठ खात केलं. या वर्षी पहिलं पीक येणार होतं. शनिवारी ट्रेल कमिटीच्या कँडस ओबरहोल्टबाई मळा बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की मळा ट्रेलवर येणार आणि हायवेवर पर्यटकांना वाट दाखवणारी तपकिरी पाटी लागणार. पाटीशिवाय तिच्या मळ्याच्या खडीच्या रस्त्याला चुकलेला माणूससुद्धा वळत नाही. या वर्षी नाही जमलं तर वेली उपटून गवत लावायचं, असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलेलं होतं.

सोमवारी सकाळी ती बाहेर आली, तर कुंपणापलीकडे शेजारी ओरिन क्रेब्स ट्रॅक्टरवरून उतरत होता. मागे फवारणीची टाकी, आणि चेहऱ्यावर परोपकार.

ओरिनची बायको दीड-दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून हात रिकामे राहिले की त्याला ती आठवायची, म्हणून तो हात रिकामे ठेवतच नसे. कुणाचा बर्फ काढ, कुणाचं गवत काप. एक कुटुंब सुट्टीवरून परत आलं, तर त्यांचा व्हरांडा ओरिनच्या कोठारातल्या उरलेल्या रंगाने लालभडक झालेला. तो अजून लालभडकच आहे. कारण श्राडरविलमध्ये कुणी आपल्यासाठी काही केलं, की दोनच गोष्टी करायच्या: "अरे, कशाला त्रास घेतलास" म्हणायचं, आणि केक करून द्यायचा. तिसरी गोष्ट आमच्याकडे नाही.

"इर्मा!" ओरिन ओरडला. "काय काटे माजले होते गं तुझ्या कुंपणाला! शनिवारी पाहुणे येणार ना? सफाचट केलं बघ."

"काय मारलंस?"

"तेच, मी कुरणात मारतो ते. एकदम गुणी औषध. गवताच्या केसाला धक्का नाही, पण रुंद पानाचं काही दिसलं की खलास!"

वारा त्याच्याकडून टेकडीवर वाहत होता. टेकडीवर द्राक्षाची रुंद, हिरवीगार पानं त्या वाऱ्यावर मजेत हलत होती. इर्माने तोंड उघडलं. याच तोंडाने तिने बसभर पोरं एका शब्दात गार केली होती.

"अरे ओरिन," ती म्हणाली, "कशाला त्रास घेतलास."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती सख्खी आहे आणि एकाच घरात राहते.

"सांगून टाकायचं की सरळ!" घरात डेल्बर्ट, तिचा नवरा, कपाळाला हात लावून बसला. "की बाबा, ते औषध द्राक्षांचा काळ आहे."

"मग तू सांग."

"मी? मी कसा सांगू? गेल्या हिवाळ्यात त्याने आपला सगळा बर्फ काढला."

"मग मी कशी सांगू?"

"तू बाईमाणूस आहेस. गोड बोलून सांग. हातात काहीतरी घेऊन जा."

म्हणून इर्माने दालचिनीचा केक केला. हातात केक असला की कडू शब्दही जरा गोड लागेल, असा हिशेब. ओरिनने दार उघडलं, केक बघितला आणि त्याचे डोळे भरूनच आले.

"बस ना गं, बस. या घरात केकचा वास येऊन किती दिवस झाले!"

"ओरिन, एक सांगायचं होतं. ते तू जे औषध मारलंस ना—"

"लागू पडलं ना? मला वाटलंच! आमची ही असती तर म्हणाली असती, ओरिन, तू कामाचा नाहीस म्हणतात ते खोटं आहे."

इर्माने त्याच्याकडे बघितलं. मग केककडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "छान लागू पडलं."

एवढा मोठा केक एका कुंपणाच्या मानाने फारच झाला, असं ओरिनला रात्रभर वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने उरलेल्या तिन्ही बाजू फवारून टाकल्या.

गुरुवारपर्यंत वेलींनी रूप दाखवलं. पानं आवळून पंख्यासारखी झाली, कडांना दाते आले, कोवळे शेंडे डुकराच्या शेपटीसारखे गोल वळले. फुलोरा हात लावताच भुरभुर खाली पडला. इर्मा ओळीत गुडघ्यावर बसली आणि मातीवरचा तो पिवळट भुगा नुसती बघत राहिली. फूल गेलं की फळ गेलं. आता यंदा एक मणी धरणार नव्हता.

"हे पान नाही गं," डेल्बर्ट शेजारी वाकून म्हणाला, "हे भजं आहे."

"डेल्बर्ट, एक शब्द बोलू नकोस."

तेवढ्यात कुंपणावरून ओरिनचं डोकं वर आलं. "अरेच्चा! रोग पडला का गं? काही मारू का?"

"नको!" दोघं एका आवाजात किंचाळली.

श्राडरविलच्या इतिहासात ओरिनला कुणी पहिल्यांदाच नको म्हणत होतं. तिघंही दचकले. डेल्बर्टने घाईघाईने सावरून घेतलं. "म्हणजे... तुला कशाला उगीच त्रास."

शनिवारी कँडस ओबरहोल्टबाई आल्या, मोठी हॅट घालून. इर्माने ठरवलं होतं, खरं काय ते सांगायचं आणि विषय संपवायचा. पण डेल्बर्टचं असं आहे, की घाबरला की त्याची जीभ सुटते.

"अय्या, ही पानं अशी का?" बाईंनी विचारलं.

"कुरळी जात आहे," डेल्बर्ट म्हणाला.

"कुरळी?"

"जर्मनीची. फार जुनी. माझ्या आजोबांनी बोटीतून आणली, कोटाच्या अस्तरात शिवून."

डेल्बर्टचे आजोबा नेब्रास्काहून आले होते, तेही डुकरांच्या मालगाडीतून. इर्माने नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण गाडी उताराला लागली होती.

"काय सांगता!" बाईंनी एक शेंडा हातात घेऊन गालाला लावला. "पाच वायनऱ्या आहेत हो माझ्याकडे, पण जिथे जावं तिथे तीच सपाट पानं. लोक फोटो काढून काढून कंटाळलेत. आणि हे बघा! अगदी लेस आहे लेस!"

"मिसेस ओबरहोल्ट," इर्मा मध्ये पडली, "या वेलींना द्राक्षं लागणार नाहीत. खरं सांगते. एकही नाही."

तिला वाटलं, झालं, संपलं. बाईंनी प्रेमाने तिचा हात थोपटला.

"द्राक्षांची कसली काळजी करता? मंगळवारच्या टँकरवाल्याला तुमचा पत्ता देते. तुम्ही फक्त पानं सांभाळा."

हायवेवर तपकिरी पाटी लागली: कुरळ्या पानांचा मळा. ट्रेलच्या शिक्क्यावर कुरळं पान आलं. माणसं आली, लग्न लावायला नवरा-नवरी आले. एका नवरीने वेणीत तेच शेंडे माळले. कोटाच्या अस्तराची गोष्ट डेल्बर्ट दर शनिवारी सांगायचा, आणि दर शनिवारी बोटीवरचं वादळ थोडं मोठं व्हायचं. इर्मा गॅरेजमध्ये मांडलेल्या टेबलामागे उभी राहून कॅलिफोर्नियाची वाइन ओतायची. एक गृहस्थ घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून म्हणाले, "बाई, तुमच्या या टेकडीची माती लागते हो जिभेला." इर्माने त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला.

हिवाळा गेला. वेली चिवट निघाल्या, मेल्या नाहीत. वसंतात नवी पानं फुटली, तळहाताएवढी, सपाट, निरोगी. प्रत्येक शेंड्याखाली फुलोऱ्याचे झुपके. इर्मा सकाळी ओळींतून हिंडली, एकेका झुपक्याला बोट लावत. एकही गळला नाही. किती दिवसांनी ती स्वतःशी गुणगुणत घरात शिरली, तर फोन वाजत होता.

"शनिवारी चार बस आहेत," ओबरहोल्टबाई म्हणाल्या. "आणि जूनमधली सगळी लग्नं तुमच्याकडेच. पानं झाली ना कुरळी?"

इर्माने फोन ठेवला आणि डेल्बर्टला सांगितलं. त्याने खिडकीतून त्या सपाट पानांकडे बघितलं.

"पाटी काढतील," तो म्हणाला. "आणि मी थापाड्या ठरेन ते वेगळंच."

"ठरशील काय? आहेसच. अर्धा मळा कुरळा करू. अर्धा ठेवू."

"वाऱ्याला अर्धं कळतं का गं?"

कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ती ओरिनकडे गेली. त्याने दार अर्धवट उघडलं. महिनाभर तो कुणाकडे फिरकला नव्हता. दाढी वाढली होती.

"मला कळलं, इर्मा," तो खाली बघत म्हणाला. "बी-बियाण्याच्या दुकानात एकजण बोलता बोलता बोलून गेला. तुझी द्राक्षं मीच मारली. आणि वर तुझा केकही खाल्ला. अगं, बोलली का नाहीस? एक शिवी तरी घालायचीस! त्या टाकीला आता मी हात लावत नाही. कुणाच्याच कामाला हात लावत नाही."

"ओरिन, ऐक ना. माझं एक काम करशील?"

त्याने मान वर केली. गावात आजवर त्याची मदत सगळ्यांनी सोसली होती, मागितली कुणीच नव्हती.

"काय करू? सांग तर!"

इर्माने ओठ ओले केले. "तेच मार. पण थोडं. मरायला नकोत, नुसती वळायला हवीत."

ओरिनने दार पूर्ण उघडलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना उजेड आला, तोच, ज्याला नको म्हणणं गावात कुणाला जमत नसे. त्याने बोट ओलं करून हवेत धरलं.

"वारा माझ्या बाजूचा आहे," तो म्हणाला. "आत्ताच करतो."

इर्मा घरी येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला होता. कुंपणापलीकडून पांढुरकं धुकं उठून सावकाश टेकडी चढायला लागलं. तिने स्वयंपाकघराची खिडकी बंद केली आणि कडी लावली.

डेल्बर्ट फोन कानाला लावून उभा होता. "टँकरवाला विचारतोय, लाल किती टाकू आणि पांढरी किती?"

"लालच सांग," इर्मा म्हणाली. "टेकडीची म्हणून तीच खपते."