सगळी दारं सताड उघडी

बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान खाली, आमचं घर वर. दुकानाच्या छताला शेकडो किल्ल्या टांगलेल्या, पंखा लागला की हलतात आणि घरभर बारीक किणकिण चालते. त्या दुपारी पडद्यातून पिवळं, झोपाळू ऊन येत होतं आणि मी आईच्या खोलीत सर्व्हरपुढे बसले होते. तो काही केल्या सुरू होत नव्हता.

त्यात आईचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी तिने रोज बसून तीन हजार वाक्यं रेकॉर्ड केली होती. आता स्वरयंत्रच काढलंय. ती टॅब्लेटवर लिहिणार, आणि डेटाबेसमधून तिचाच आवाज बोलणार, अशी जोडणी मी करून ठेवली होती. पाच वाजता मावशी तिला हॉस्पिटलमधून घेऊन येणार होती. आणि बॅकअप? उद्या घेऊ, उद्या घेऊ करत मी तीन आठवडे घालवले. माझ्यासारखी दीडशहाणी मीच.

"नेमकं काय केलंत बाबा?"

"काही नाही गं," म्हणत त्यांनी हळूच वही पुढे सरकवली.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांची अडलेली दारं उघडून दिली. सकाळी वीज गेली, आली, आणि सर्व्हर लगेच उठेना. तो बिचारा आतल्या आत स्वतःला सावरत होता, त्याला वेळ लागतो. पण यांना कुठला धीर! फोनवर कुणा अनोळखी शहाण्याचा सल्ला वाचला, वहीत उतरवून घेतला, सर्व्हर मधेच बंद केला आणि डेटाच्या फोल्डरची परवानगी सगळ्यांना देऊन टाकली. कुणीही या, वाचा, लिहा, पुसा. वहीत पुढची पायरी होती, 'जुना डेटा पुसून सर्व्हर नव्याने बसवा.' नशीब, तिथे त्यांचा हात थांबला.

"अडलं की आधी उघडायचं, मला एवढंच येतं," ते म्हणाले.

"अहो पण हा उलट्या खोपडीचा आहे! दार सताड उघडं दिसलं की हा आत पाऊलच टाकत नाही." स्क्रीनवर तेच लिहून आलं होतं: फोल्डर सर्वांसाठी खुलं आहे, सुरू करता येत नाही.

मी एवढी ओरडले की बाबांचा चेहरा पडला. लगेच वाईट वाटलं, पण सॉरी काही म्हटलं नाही. खालून गिऱ्हाइकाची हाक आली आणि ते उतरून गेले.

मी एकेक परवानगी काढून घ्यायला लागले. पाहुण्यांची काढली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची काढली, राहिला फक्त सर्व्हर स्वतः. मग सुरू करायची आज्ञा दिली. स्क्रीनवर ओळी हळूहळू सरकू लागल्या. सकाळी अर्धवट राहिलेलं सावरणं त्याने पुन्हा हाती घेतलं होतं. आता वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. किणकिण ऐकता ऐकता माझा डोळा लागला. आई अनवाणी घरभर फिरत होती, एकेक दार लोटून घेत होती, आणि प्रत्येक दारापाशी थांबून काहीतरी पुटपुटत होती. मला ते ऐकूच येत नव्हतं. मी घाबरून जागी झाले.

शेवटची ओळ आली होती. सर्व्हर तयार.

वाक्यं आहेत की गेली? यादीतलं हाताला लागलं ते वाक्य दाबलं, आणि स्पीकरचा आवाज मोठाच राहिला होता.

"अहो, ऐकलंत का? जरा वर या."

अगदी तीच. तोच वैतागलेला, लाडका सूर.

"आलो, आलो!" खालून बाबा ओरडले. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि ते दारात उभे राहिले, धापा टाकत, हातात गिऱ्हाइकाचं कुलूप तसंच. नजर थेट आईच्या पलंगावर गेली. पलंग रिकामा होता. ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

"चालू झाला होय," शेवटी ते म्हणाले.

मला रडू कोसळलं. "बाबा, चुकलं माझं. मघाशी उगाच ओरडले. परत लावू?"

"नको." ते पलंगाच्या कडेवर टेकले. "पाचला येतेय ना. तिलाच हाक मारू दे."

खालून गिऱ्हाईक तीनदा ओरडलं. बाबा जागचे हलले नाहीत.