पाचवं रीळ

जोडताईनं आपल्या सासूला ओळखलं ते चौथ्या रिळात.

जुने सिनेमे जपणाऱ्या एका संस्थेत ती नोकरी करायची. बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यांवरून गंजलेले डबे यायचे. त्यांतली फिल्म पुसायची, कडेची फाटलेली भोकं सांधायची, तुटलेले तुकडे जोडायचे, हे तिचं काम. म्हणून संस्थेत सगळे तिला जोडताई म्हणायचे. घरी नवराही कधीकधी चिडवायला तेच म्हणायचा.

या वेळी आलेले सहा डबे उघडताच खोलीभर आंबट वास पसरला. सिनेमाचं नाव होतं ‘पाण्याखालची कोठडी’. बायकांच्या तुरुंगातली गोष्ट, काळीपांढरी, अगदी स्वस्तात काढलेली. सुरुवातीला पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर हातात छडी घेऊन प्रेक्षकांना सांगतो, की हे चित्र केवळ समाजाच्या प्रबोधनासाठी आहे. आणि लगेच पुढच्या दृश्यात फाटक्या कपड्यांतल्या मुली चिखलात एकमेकींच्या झिंज्या उपटतात. संस्थेचे प्रमुख अशा सिनेमांवर जीव टाकायचे. डबे आल्यापासून ते दिवसातून चार वेळा तिच्या टेबलाशी घुटमळत होते. येत्या रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये हा सिनेमा दाखवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

“एकच बोळ आहे बघा,” ते हरखून म्हणाले. “तोच बोळ तीन बाजूंनी दाखवून अख्खा तुरुंग उभा केलाय. भिंती रंगवायला पैसे नाहीत, म्हणून सगळीकडे अंधार. पण काय अंधार आहे! मोठ्या कंपन्यांना जमला नसता. आणि संवाद? नुसते दगड! तरी नजर हटत नाही.”

तिचीही हटत नव्हती. चौथ्या रिळात तुरुंगाची वॉर्डन नायिकेचं जेवण लाथेनं उडवते. भिंग लावून जोडताई एकेक चित्र तपासत होती. नायिकेनं मान वर केली, खालचा ओठ एका बाजूनं दातांत धरला आणि डावी भुवई चढवली. जोडताईचा हात थांबला. हा तर तिच्या नवऱ्याचा राग होता. हुबेहूब. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो चिडला की ओठ असाच चावायचा. आणि त्याच्या आईला चिडलेलं पाहिलं की लोक म्हणायचे, पोरानं आईचा राग जसाच्या तसा उचललाय.

तिनं दिवा जवळ ओढला. कपाळ, नाक, हनुवटीवरची खळी. शंकाच नव्हती. पुढच्या चित्रांत नायिका उठली आणि तिनं वॉर्डनच्या सणसणीत कानाखाली मारली.

त्या संध्याकाळी घरी सासूबाई जेवणाच्या टेबलावर कापड पसरून कोटाचं अस्तर बेतत होत्या. आयुष्यभर त्यांनी कपडे बेतायला शिकवलं होतं. सिनेमाचा विषय घरात निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. कंटाळा येत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

“आई,” जोडताई म्हणाली, “तुम्ही कधी सिनेमात काम केलं होतंत?”

कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी बघितलं आज.”

सासूबाईंनी कात्री बाजूला ठेवली. आतल्या खोलीत नवरा फोनवर बोलत होता. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

“कुठवर बघितलंस?”

“चौथं रीळ झालं. उद्या पाचवं.”

“पाचवं एकटीनं बघू नकोस.”

“का?”

“नको म्हटलं ना! आणि त्याला यातलं काही कळता कामा नये. ऐकतेस?”

आवाज हळू होता, पण त्यात अशी धार होती की जोडताईनं नुसती मान हलवली. रात्रभर तिला झोप लागली नाही. न बघून चालणार नव्हतं, कारण ते तिचं कामच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि पाचवं रीळ चढवलं.

वॉर्डन नायिकेला तळघरातल्या कोठडीत कोंडते. भिंतीतल्या नळातून पाणी येऊ लागतं. गुडघे, कंबर, छाती. मुलगी दारावर मुठी आपटते. ध्वनीच्या पट्टीवर किंकाळ्या होत्या, एकीवर एक, लांबलचक, अगदी नाटकी. पण त्या किंकाळ्या ओठांशी जुळत नव्हत्या. जोडताईनं आवाज बंद केला आणि फिल्म हातानं हळूहळू पुढे सरकवली. मुलगी किंचाळत नव्हतीच. ती बोलत होती. कॅमेऱ्याकडे, कॅमेऱ्याच्या पलीकडच्या कुणाकडे तरी बघून तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. ओठ वाचायला अवघड नव्हते.

थांबवा. खरंच. दार उघडत नाहीये. थांबवा.

पाणी हनुवटीला लागलं. कॅमेरा किंचित पुढे सरकला, चेहऱ्याच्या जवळ. मग चित्र एकदम तुटलं आणि पुढच्या क्षणी नायिका कोरड्या केसांनी गच्चीवरून पळत होती.

जोडताईनं रीळ उतरवून डब्यात ठेवलं. मग उठून प्रमुखांकडे गेली.

“हा सिनेमा रविवारी दाखवू नये असं मला वाटतं. पाचव्या रिळात ती मुलगी अभिनय करत नाहीये. ती खरोखर बुडतेय.”

प्रमुख खुर्चीतून अर्धवट उठले. “काय सांगता!”

“ओठ बघा तिचे. आणि प्रतही एकुलती एक आहे. यंत्रावर चढवणं धोक्याचं.”

“तुम्ही चालवाल तर काही होणार नाही. पण खरी भीती! जोडताई, हे फार मोठं सापडलंय तुम्हाला.”

माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून ‘ती माझी सासू आहे’ हे तिनं सांगितलंच नाही. दोन दिवसांनी संस्थेच्या फाटकावर जाहिरात लागली. पाण्यातला तो चेहरा भिंतीएवढा मोठा केला होता आणि खाली ठळक अक्षरं: भीती अस्सल आहे. दुबळ्या मनाच्यांनी येऊ नये.

ती जाहिरात बघून जोडताईला स्वतःचाच राग आला. आपण तोंड उघडलं नसतं तर हे झालं नसतं. घरी जाऊन तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं, जाहिरातीसकट. त्या चिडतील, रडतील, घर सोडून जाते म्हणतील, काय वाट्टेल ते होईल अशी तिची तयारी होती.

“किती वाजता आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“दुपारी. पण आई...”

“मी येणार.”

“मीही येतो,” दारातून नवरा म्हणाला. “तुझं काम एकदा तरी बघावं म्हणतोय. कसला सिनेमा आहे?”

जोडताईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, “जुना आहे. ये तू.”

रविवारी हॉल भरून गेला होता. हे प्रेक्षक ठरलेले. वाईट सिनेमे प्रेमानं बघायला येणारे, संवाद आधीच ओरडून सांगणारे. जोडताई यंत्रांच्या खोलीत होती. समोरच्या चौकोनी खिडकीतून तिला मधल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेली दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं.

डॉक्टरनं छडी उचलली आणि हॉल हसून कोसळला. तोच तो बोळ तिसऱ्यांदा आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “डावीकडे वळा हो, उजवीकडे भिंत संपली!” जोडताईचं लक्ष मात्र त्या दोन डोक्यांवर होतं. दुसऱ्या रिळापर्यंत काळं डोकं मागे टेकलेलं होतं. तिसऱ्यात ते पुढे झुकलं. चौथ्यात नायिकेनं ओठ चावला तेव्हा नवऱ्यानं सावकाश मान वळवून शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. सासूबाईंनी नजर पडद्यावरून हलवली नाही.

पडद्यावर चपराक बसली. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या. आणि त्या गोंगाटात जोडताईला दिसलं की पांढऱ्या डोक्याचे खांदे हलताहेत. सासूबाई हसत होत्या.

पाचवं रीळ सुरू झालं. नळातून पाणी आलं आणि कुणीतरी मुद्दाम खोकल्यासारखं केलं. थोडं हसू. किंकाळ्या सुरू झाल्यावर मागच्या रांगेतल्या दोघांनी त्यांची नक्कल केली. पाणी कमरेपर्यंत आलं. छातीपर्यंत आलं.

“थांबवा!”

सासूबाई उभ्या होत्या. पडद्यावर त्यांची सावली पडली होती.

“थांबवा ते!”

तापलेल्या दिव्यापुढे फिल्म थांबली की क्षणात जळते, आणि याची दुसरी प्रत जगात नव्हती. आधी दिव्यापुढची झडप पाडायची, मगच यंत्र थांबवायचं. जोडताईनं झडप पाडली. खटका ओढला. यंत्र घरघरत थांबलं, ती वाकून फिल्म चाचपू लागली. शाबूत होती. मग तिनं हॉलचे दिवे लावले.

प्रमुख धावत आत आले. “काय केलंत हे? कोण आहेत त्या बाई?”

“पडद्यावर होत्या त्याच,” जोडताई म्हणाली. “माझ्या सासूबाई.”

प्रमुख खिडकीशी धावले.

खाली सासूबाईंनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. हॉलमध्ये कुजबुज होती, ती हळूहळू विरली.

“त्या किंकाळ्या माझ्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज बसला होता, म्हणून दुसऱ्या बाईकडून नंतर भरून घेतल्या. मी आत ओरडत नव्हते. थांबवा म्हणत होते. दार लाकडी होतं. पाण्यानं फुगलं आणि अडकलं. दिग्दर्शकाला वाटलं, काय छान करतेय पोरगी! नंतर त्यालाही कळलं. तरी त्यानं हात वर करून चालू ठेवायला सांगितलं. समोरची भिंत काचेची होती, कॅमेरा तिच्यापलीकडे. मला दिसत होता त्याचा हात.”

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

“ती वॉर्डन झालेली बाई, जिची तुम्ही इतका वेळ हुर्यो उडवलीत, तिनं लोखंडी स्टूल उचललं आणि दाराची बिजागरी फोडली. त्यात तिचा पंजा चिरला. ते मात्र यात दाखवलेलं नाही.”

पुढच्या रांगेतली एक मुलगी चाचरत उभी राहिली. “मग आम्ही हा सिनेमा बघायचाच नाही का?”

“मी बघतेय ना?” सासूबाई म्हणाल्या. “त्या वेळी चांगल्या चांगल्या सिनेमांत मला काय मिळायचं? चहाचा ट्रे आणून ठेवायचा आणि मान खाली घालून परत जायचं. इथं मी तुरुंग फोडला. बाईच्या कानफटात लगावली. त्यात अक्कल नव्हती, अंगावर धड कपडेही नव्हते, पण सेटवर जाताना मला वाटायचं, चला, आज काहीतरी करायचंय. तिथं टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं मला. इथं हसू नका. एवढंच.” मग त्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. “चालव गं पुढे.”

जोडताईनं दिवे घालवले. उरलेलं दृश्य हॉलनं श्वास रोखून पाहिलं. एक जोडपं उठून बाहेर गेलं. पाणी हनुवटीला लागलं, कॅमेरा पुढे सरकला, आणि सासूबाई सबंध वेळ ताठ उभ्याच राहिल्या. नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. शेवटी डॉक्टर परत आला आणि म्हणाला, “मातांनो, आपल्या मुलींना अशा मोहापासून जपा.” हसावं की नाही हे कुणाला कळेना. सासूबाईच आधी हसल्या, अगदी मोठ्यानं.

हॉलबाहेर नवरा फाटकाशी त्या जाहिरातीसमोर उभा होता. त्यानं ती एका टोकाला धरून फाडायला सुरुवात केली होती. प्रमुख पाहत होते, पण अडवत नव्हते. थोड्या वेळानं तेही दुसऱ्या टोकाकडून फाडू लागले.

“तुला माहीत होतं,” तो बायकोला म्हणाला.

“आठवडाभर.”

“आणि मला शेजारी बसवून दाखवलंत दोघींनी!”

“सांगितलं असतं तर तू आलाच नसतास,” सासूबाई म्हणाल्या.

“आलो नसतो. ते डबे जाळले असते.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

पुढे कितीतरी दिवस तो दोघींशी कामापुरतंच बोलला. जेवताना मान वर करायचा नाही. संध्याकाळी उशिरा यायचा. सासूबाई वरवर दाखवत नव्हत्या, पण त्यांचं बेतणं चुकायला लागलं. एका कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. आपण उगाच हे उकरून काढलं असं जोडताईला वाटू लागलं. प्रमुख दोनदा घरी येऊन माफी मागून गेले आणि सासूबाईंची हकीकत ध्वनिमुद्रित करावी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, आधी वॉर्डनचं काम करणाऱ्या बाईचं नाव सिनेमाच्या सुरुवातीला घाला, मग बोलू. मूळ नामावलीत ते नव्हतंच.

मग एका सकाळी नवरा टेबलाशी आला, कापड बाजूला सारलं आणि फोन समोर ठेवला.

“लागलाय,” तो म्हणाला. “बोल.”

“कोण आहे?”

“वॉर्डनची मुलगी. जुन्या कलाकारांच्या संघटनेत रोज जाऊन बसत होतो संध्याकाळी. त्या बाई गेल्या वारून, पण मुलगी सापडली.”

सासूबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडून मोकळ्या, गडबड्या आवाजात एक बाई बोलत होती. तिच्या आईच्या तळहातावर मोठा व्रण होता, ती म्हणाली. विचारलं की आई सांगायची, एका पोरीसाठी दार फोडलं. “आम्हाला वाटायचं, कुठल्यातरी सिनेमातली गोष्ट स्वतःच्या नावावर खपवतेय. खूप चेष्टा करायचो आम्ही तिची.”

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मुलगा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“खरी आहे हो ती गोष्ट,” त्या म्हणाल्या. “मी तीच पोरगी. तुमच्याकडे येऊ का मी भेटायला?”