विमानातलं जायकवाडी

बीड बायपासच्या पलीकडं त्या काळात शहर असं घाईघाईनं वाढत होतं की घरं आधी उभी राहिली, रस्ते मागून आले आणि नळ यायचे राहूनच गेले. वच्छलाबाईंच्या सोसायटीचं नाव ‘गोदावरी दर्शन’. दर्शन व्हायचं ते टँकरमधून, तेही दिवसाआड आणि गढूळ. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. सकाळी पेपर आला की माणसं आधी जायकवाडी धरणात किती टक्के पाणी उरलं ते बघायची आणि मग कोण वारलं ते.

अशा दिवसांत वच्छलाबाईंकडं त्यांची भाची प्रेरणा राहायला आली. करमाडच्या त्यांच्या भावाची, तात्यासाहेबांची मुलगी. छोटं विमान उडवायचं लायसन तिच्याकडं होतं. आता एका विमान कंपनीनं तिला मोठ्या जेटसाठी निवडलं होतं, पण हैदराबादला नकली कॉकपिटमध्ये परीक्षा होती आणि पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. आता दुसरी खेप. तिसरी मिळत नाही, हे कंपनीनं गोड शब्दांत कळवलं होतं. करमाडला जो येई तो “काय ताई, इमान कवा?” असं विचारी. त्या प्रश्नाला कंटाळून ती आत्याच्या घरी दडून अभ्यास करत होती.

नापास होण्याचं कारणही दुष्काळीच होतं. वैमानिकासमोरच्या पडद्यावर मधोमध एक चौकोन असतो. वर निळं आभाळ, खाली तपकिरी जमीन, मधे क्षितिजाची रेघ. बाहेर ढग किंवा अंधार असला की त्या रेघेवरूनच विमान सरळ आहे की कललेलं ते ओळखायचं. पण प्रेरणा शिकली ती कोरड्या वर्षांत. ढगात शिरायचं तर आधी ढग तरी हवा! बाहेर खरं क्षितिज स्वच्छ दिसत असताना पडद्यावरच्या रेघेला विचारतो कोण? मग परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला डोळे मिटायला लावले, विमान वाकडं केलं आणि “आता सावर” म्हणाले. डोळे उघडले तर रेघ उजवीकडं झुकलेली. तिला वाटलं विमानच उजवीकडं झुकलंय. तिनं विमान वळवायची दांडी डावीकडं रेटली. विमान आधीच डावीकडं कललेलं होतं, ते आणखी आडवं झालं आणि नकली जमिनीवर नकली विमान आदळलं. नापास झाली ती मात्र खरी.

नियम तिला पाठ होता. रेघ हलत नाही, आपण हलतो. पण पाठ असणं आणि डोळ्याला पटणं यात करमाड ते हैदराबादइतकं अंतर होतं. लॅपटॉपला तसलीच दांडी जोडून ती रोज सराव करी आणि घाबरली की हात पुन्हा चुकीच्याच बाजूला जाई.

वच्छलाबाईंचा हिशेब चोख होता. घरात राहणाऱ्या माणसानं काहीतरी घरात घातलं पाहिजे. प्रेरणाला ना भाकरी जमत होती, ना भरलेली घागर. तेव्हा तिनं निदान बातम्या तरी पुरवाव्यात. टँकरच्या रांगेत शेजारच्या आशाबाई आपल्या पुण्याच्या जावयाच्या गोष्टी सांगून भाव खात. त्याला उतारा म्हणून वच्छलाबाईंना विमानाची एखादी ताजी गोष्ट लागे. पण भाचीच्या कपाळावरच्या आठ्या बघून त्या विचारत नसत. खोलीच्या दारातून लॅपटॉपचा पडदा बघायच्या आणि मनानंच अर्थ लावायच्या.

एके दिवशी भर दुपारी आशाबाई दारात उभ्या.

“प्रेरणाताई, धरणात आज किती हाय गं?”

“मला काय माहीत, मावशी? पेपरात बघा.”

“पेपरात काल-परवाचं असतं. तुझ्या इमानात आत्ताचं दिसतं म्हणं. वच्छलाबाईंनी सगळ्या रांगेला सांगितलंय.”

प्रेरणानं आत्याकडं पाहिलं. आत्या चुळबुळल्या, पण मागं न हटता त्यांनी उघड्या लॅपटॉपकडं बोट दाखवलं.

“खोटं सांगितलं का मी? हे बघ की. निळं ते पाणी, खाली तपकिरी तो गाळ. बाजूला आकडे सरकत्यात, ते टक्के. काल तू दांडी वढली तर निळं वाढलं का नाय? मी मनात म्हणलं, चला, जायकवाडीत आवक झाली!”

प्रेरणाला आधी संताप आला आणि मग हसू. किती दिवसांनी हसली ती!

“आत्या, ते धरण नाही गं. निळं म्हणजे आभाळ. मी विमानाचं नाक वर केलं, म्हणून आभाळ जास्त दिसलं. बाजूचे आकडे वेगाचे आणि उंचीचे.”

“बघा!” आशाबाई म्हणाल्या. “आमचा जावई म्हणलाच होता, इमानात धरण दिसत नसतं.”

आता आत्याची अब्रू भाचीच्या हातात होती. प्रेरणानं इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर टँकरच्या पाण्याची बाटली होती, निम्मी भरलेली, चहासारखी तपकिरी. तिनं ती उचलून खिडकीत आभाळासमोर धरली.

“हे बघा. वर आभाळ, खाली जमीन. ही बाटली म्हणजे आपलं विमान. आता विमान डावीकडं कललं...”

तिनं बाटली डावीकडं कलती केली आणि बोलता बोलता थांबली. बाटलीच्या लेबलावरच्या आडव्या पट्टीशी ताडून पाहिलं तर पाण्याची रेघ उजवीकडं झुकली होती. अगदी परीक्षेतल्यासारखी.

“पाणी तर सरळच हाय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “बाटली वाकडी झाली.”

“पण बाटलीत बसलेल्याला रेघच वाकडी दिसणार, आत्या.”

“दिसू दे की! पाण्याला कशाला सरळ करतीस? बाटली सरळ कर, म्हंजी झालं.”

प्रेरणानं बाटली उजवीकडं आणली. रेघ पट्टीला येऊन मिळाली. तिनं पुन्हा कलती केली, पुन्हा आणली, मग उलट बाजूनं. आशाबाई कंटाळून निघून गेल्या. आत्या चहा टाकायला उठल्या. पोरगी आपली बाटली हलवतेय. त्या संध्याकाळी लॅपटॉपसमोर हात एकदा चुकला, मग चुकेनासा झाला.

हैदराबादला साहेबांनी पुन्हा डोळे मिटायला लावले. उघडले तेव्हा पडदा तपकिरीनं भरलेला, रेघ आडवीतिडवी, वेग वाढत चाललेला, कानात घंटा. पण रेघ तिला वाकडी वाटलीच नाही. पाणी सरळ होतं, बाटली वाकडी होती. तिनं इंजिनाची ताकद कमी केली, बाटली सरळ केली आणि मग हळूच नाक उचललं. निळं वाढलं. आवक झाली, असं मनात येऊन तिला त्या गडबडीतही हसू फुटलं.

“मागच्या वेळी हे जमलं नव्हतं,” साहेब म्हणाले. “मधे कुणाकडं शिकलीस?”

“आत्याकडं.”

“आत्या? ही अकॅडमी कुठं आहे?”

“बीड बायपासला, सर.”

साहेबांनी बहुधा नाव ध्यानात ठेवलं असावं.

ती परतली ती करमाडला न जाता थेट सोसायटीत. टँकर आलेला, बाया कळश्या-हंडे लावून उभ्या, त्यांत आत्या आणि आशाबाईही. आभार मानायचे तर आत्यासमोर कोणत्या तोंडानं ‘थँक यू’ म्हणायचं? तसा शब्दच त्या घरात चालत नव्हता. तिनं बॅग खाली टाकली आणि भर रांगेत आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

“अगं अगं, चिखल हाय! झालीस का पास?”

“झाले. तुझ्यामुळं झाले, आत्या.”

अख्खी रांग वळून बघायला लागली. भाव खायची अशी संधी वच्छलाबाईंना जन्मात मिळाली नव्हती. पण पदर डोळ्याला लावत त्या म्हणाल्या, “माझ्यामुळं कसं गं? मी तर चुकीचंच सांगितलं होतं सगळ्यांना.”

“म्हणून तर मला तुम्हा दोघींना समजावून सांगावं लागलं. मलाच कळलं नव्हतं ते तोवर.”

वच्छलाबाई मग तिला पोटाशी धरून, तिच्या खांद्यावरून मागं बघत ओरडल्या,

“ऐकलं का आशाबाई? माझी चूक पास झाली!”