तेलाची पारख

"ताई, हे तेल जरा बोटात घेऊन बघ गं."

मी गॅरेजच्या टेबलाशी कामाची कार्डं लावत बसले होते. मान वर केली तर माझा भाऊ दोन हातांत तेलाची दोन मापं घेऊन उभा. पस्तीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस, आणि तेल मला दाखवतोय!

"मला त्यातलं डोंबल कळतंय!" मी म्हणाले. "सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली माझी."

"कळायचं काही नाही त्यात. नुसतं चोळून बघ. जाड लागतंय की पातळ?"

त्याचा आवाज ऐकून मी चेष्टा सोडली. मी एका मापात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. मग ते पुसून दुसऱ्यात बुडवलं.

"हे जाड आहे चांगलं. आणि हे पातळ. यात विचारायचं काय?"

"मला दोन्ही सारखीच लागतात," तो म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे नर्सबाईंच्या गाडीत पातळ गेलं."

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या भावाला सगळं गाव मिस्त्री म्हणतं. मी बाळ्या म्हणते, अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी. त्याची बायको गेली आणि मी निवृत्त झाले, तेव्हापासून गॅरेजचं टेबल माझ्याकडे. या बाळ्याकडे कुणी तेल बदलायला आलं की आधी उलटतपासणी होते. गाडी पेट्रोल की डिझेल? किती पळालीय? ओझं वाहते का? चढण चढते का? गाडीच्या पुस्तकात कुठलं तेल लिहिलंय, ते वाचलंय का? कुणी ऐटीत म्हणालं, "सगळ्यात महाग असेल ते घाला," की हा म्हणतो, "महागाचं औषध प्यायलं म्हणून ताप लवकर उतरतो का?" आणि मग समजावत बसतो. नव्या पेट्रोल गाडीला पातळ तेल, म्हणजे सकाळी थंड इंजिनातही ते झटकन वरपर्यंत पोचतं. जुन्या डिझेलला जाड तेल, तेही काजळी पोटात धरून ठेवणारं आणि तापल्यावर अंग न सोडणारं. एकाचं तेल दुसऱ्याला चालत नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

दोन तेलांची दोन पिंपं, आणि मापं मात्र एकसारखी. ताजं तेल दोन्हीकडे मधाच्या रंगाचं. मापांवर चिठ्ठ्या लाव म्हणून मी कानीकपाळी ओरडले. हा म्हणायचा, "माझी बोटं आहेत ना!" ओतण्याआधी अंगठ्यावर थेंब चोळायचा आणि मान डोलवायचा. कधी चूक झाली नाही, म्हणून मीही गप्प बसले. आज सकाळीही चोळलं, मान डोलवली आणि एक माप नर्सबाईंच्या जुन्या डिझेल जीपमध्ये रिकामं केलं. त्या गेल्यावर दुसरं माप एका पेट्रोल गाडीत ओतायला घेतलं, तर धार सुस्त पडली. तेव्हा तो थांबला. पातळ तेल पिंपातून नव्याने काढलं आणि दोन्ही घेऊन माझ्याकडे आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाळ्या, मी तुझी मोठी बहीण आहे, गिऱ्हाईक नाही."

तो बोटांकडे बघत राहिला. "वर्ष झालं असेल. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत."

"आणि मधुमेहाच्या गोळ्या? घेतोस ना?"

"घेतो की. आठवण झाली की."

कपाळावर हात मारून घेतला मी. पण भांडायला वेळ नव्हता. नर्सबाई दुपारी दोनला डोंगरावरच्या वस्त्यांकडे निघणार होत्या, आणि सव्वा वाजला होता. फोन लावला. वाजून वाजून थांबला.

"लगेच काही होणार नाही," बाळ्या खाली बघत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून बोलावतो. गुपचूप बदलून टाकतो."

"आणि आजची चढण?"

तापलं की पातळ तेलाचा जोर जातो, बेअरिंग कोरडी घासायला लागतात, हे त्यानेच तर मला शिकवलं होतं. त्याला इंजिनाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मिस्त्रीची बोटं गेली, अशी बातमी फुटली तर त्याच्याकडे गाडी कोण आणणार? आणि गॅरेज नसेल तर हा माणूस घरात बसून महिन्याभरात वाळून जाईल, हे मलाही कळत होतं. म्हणून मी, एरवी सगळ्यांत नाक खुपसणारी, एक शब्द बोलले नाही.

तो उठला. डिझेलच्या पिंपातून कॅन भरला आणि माझ्यापुढे धरला. "बोटात घेऊन बघ. मग झाकण लावतो."

दवाखान्याच्या अंगणात पोचलो तेव्हा नर्सबाई जीपमध्ये लसींची पेटी ठेवत होत्या. बाई चाळिशीच्या, फटकळ, पण कामाला वाघ.

"बाई, चूक झाली माझी," बाळ्या सरळ म्हणाला. "तुमच्या गाडीत पेट्रोल गाडीचं तेल घातलं मी."

"तुम्ही? काहीतरीच काय मिस्त्री!"

मापांची अदलाबदल झाली, एवढं सांगून सुटता आलं असतं त्याला. त्याने हात पुढे केला. "बोटांना कळत नाही हो आता."

बाईंनी पेटी ठेवली. त्याचा हात हातात घेतला. "डोळे मिटा. पेन कुठल्या बोटाला लावतेय ते सांगा."

"लावा की."

तोवर तीन बोटांना लावून झालं होतं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मधुमेह आहे ना यांना? बूट काढायला लावा."

"बूट कशाला? मी हाताचं सांगतोय!"

"मिस्त्री, गॅरेजात मी तुमचं ऐकते ना? मग इथे माझं ऐका."

तो पायरीवर बसला आणि बूट ओढून काढला. त्यातून एक नट टण्णकन फरशीवर पडला. मोजा तळव्याला चिकटला होता. बाईंनी तो हळूच सोडवला. खाली ओली जखम, नटाच्याच आकाराची. आणि हा शहाणा काय म्हणाला असेल? "अरे! हा नट सकाळपासून शोधतोय मी."

लहानपणी काटा बोचला तरी हा गल्ली डोक्यावर घ्यायचा. मी त्याचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायचे, आणि काढून झाल्यावरही हा तासभर रडायचा. आज सकाळपासून लोखंड तुडवत फिरला आणि त्याला पत्ता नाही. मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही.

"ताई, अगं दुखत नाहीये मला," तो माझी समजूत घालायला लागला.

"म्हणूनच रडतेय, मूर्खा!"

बाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि दम दिला. पाय जमिनीला टेकवायचा नाही. आजच्या आज डॉक्टरांना दाखवून मगच घरी जायचं. मग घड्याळाकडे बघितलं. "वर बायका पोरं घेऊन थांबल्या असतील. तेलाचं कसं करायचं?"

बाळ्या उठायला लागला. मी त्याला खांद्याने दाबून खाली बसवलं आणि त्याने सोबत आणलेला पाना हातात घेतला.

"ताई, तुझं वय काय!"

"तुझ्यापेक्षा पाच जास्त. बोल, कुठून सुरू करू?"

जीप उंच होती म्हणून निभावलं. मी पाठीवर पडून आत सरकले. तो पायरीवरून सांगत होता: बोल्ट उलटा फिरव, भांडं सरकव, चेहरा बाजूला घे, तेल गरम आहे, हात जप. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं सगळं मुकाट्याने ऐकलं. तरी कोपरापर्यंत माखलेच. बोल्ट पुन्हा आवळून बाहेर आले, नवं तेल ओतलं, गाडी चालू-बंद करून तेल मोजायची पट्टी ओढली आणि तिच्यावरचं तेल चोळून बघितलं.

"कसं लागतंय?"

"जाड. तुझ्या डोक्यासारखं."

बाई हसल्या. गाडीत बसून त्यांनी इंजिन चालू केलं. "पुढच्या वेळीही तुमच्याकडेच येणार मिस्त्री," त्या म्हणाल्या. "पण तेल ताईंनी बघितलेलं पाहिजे."

"बघेल की ती," तो म्हणाला. "एक मिनिट, लगेच निघू नका."

माझ्या खांद्यावर भार टाकून तो एका पायावर लंगडत जीपपाशी गेला आणि बॉनेटवर पंजा ठेवून उभा राहिला. जुनं डिझेल इंजिन, सगळा पत्रा थरथरत होता. बराच वेळ मन लावून तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. निघा आता."

ती थरथर हाताला कळली का, हे मी विचारलं नाही.