दाराशी ठेवलेला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. तपकिरी प्लास्टिकच्या पाट्या एकावर एक रचून मला बनवले आहे. पण मला गरीब बिचारा समजू नका. मी मनात धरून ठेवणाऱ्यांपैकी आहे.

माणसाच्या अंगातून किरण जसे जातात, अगदी तसेच माझ्यातून जावेत म्हणून कारखान्यात मला खास मिश्रणातून ओतले. मधल्या पाटीत भोक ठेवले. किरण मोजणारी कांडी त्यात बसते. मग मी एका रुग्णालयाच्या तळघरात आलो. तिथे गाठींवर किरणांचा उपचार होतो. गाठ जळावी पण मणका वाचावा, यासाठी कोणत्या कोनातून किती किरण सोडायचे याचा आराखडा डोसिमेट्रिस्ट, म्हणजे आखणीवाला, संगणकावर आखतो. तो आराखडा आधी माझ्यावर चालवून पाहतात. संगणकाचा आकडा आणि माझ्या पोटातला आकडा जुळला, तरच रोग्याला आत घेतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाटचे किरण आधी मी सोसले. पूर्वीच्या आखणीवाल्या बाई मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "तू हो म्हणालास की मला झोप लागते."

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी टापटीपराव आले. हे नाव त्यांच्या कडक इस्त्रीमुळे पडले होते. आराखडे ते सुंदर आखत, खोटे कशाला बोलू? पण आखणीच्या खोलीचे दार आपोआप मिटायचे, म्हणून या गृहस्थांनी मला उचलून दाराशी ठेवले! येता-जाता बुटाच्या टोकाने सरकवू लागले.

"अहो, मापाची वस्तू आहे ती," मोजणी तपासणाऱ्या भौतिकतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या.

"प्लास्टिक तर आहे. त्याला काय धाड भरलीय!" टापटीपराव हसले.

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठरवले, याचे उट्टे काढायचेच.

लाथा खाऊन खाऊन एके दिवशी माझी मधली पाटी किंचित उचलली गेली आणि आत बारीकशी फट पडली. बाहेरून काहीच दिसत नव्हते. मी गप्प राहिलो.

त्याच सुमारास घशात गाठ असलेल्या एक बाई आल्या. श्वास घेताना त्यांच्या घशातून शिट्टी वाजे. डॉक्टर म्हणाले, "लगेच किरण सुरू केले तर गाठ आक्रसेल. नाहीतर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल." टापटीपराव न जेवता आखत बसले. आराखडा माझ्यावर चालवला, पण आकडा जुळेना. फटीतली हवा आकडा बिघडवून माझे उट्टे काढत होती. त्यांनी नव्याने आखले, तरी तेच.

"तुमच्या आखणीतच घोळ आहे," मॅडम म्हणाल्या. टापटीपरावांचे तोंड एवढेसे झाले. काय सांगू मित्रांनो, मला किती गार वाटले!

मोजणी झाली की मला पुन्हा दाराशीच ठेवत. समोरच्या बाकावर बाई आणि त्यांचे दीर बसलेले असत.

"साहेब, वहिनींना आज तरी घेताय ना?" दीर विचारत.

"आकडा जुळू द्या हो."

ती शिट्टी दिवसेंदिवस बारीक होत गेली. मला सूड हवा होता तो टापटीपरावांवर, या बाईंशी माझे काय वाकडे? पण ठोकळ्याला स्वतःची फट बुजवता येत नाही.

शेवटी टापटीपरावांनी मलाच स्कॅनच्या यंत्रात घातले. पडद्यावर माझ्या पोटात काळी रेघ उमटली. दुसऱ्या रुग्णालयातून ठोकळा मागवला. त्यावर त्यांचा अगदी पहिला आराखडा तंतोतंत जुळला. तोवर बाईंच्या गळ्याला भोक पाडून झाले होते.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला पायाने सरकवू नका. आम्ही सूड घेतो, पण तो कोणावर पडेल हे आमच्या हातात नसते. आता टापटीपराव मला रोज पुसतात. मी त्यांना माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

उपचाराच्या शेवटच्या दिवशी बाई आखणीच्या खोलीत आल्या. गाठ आक्रसली होती. गळ्यातल्या नळीवर बोट दाबून त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले, "तेव्हा एवढा उशीर का झाला हो?"

"मी हा ठोकळा दाराला लावला होता म्हणून," टापटीपराव मान खाली घालून म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. त्यांना काहीच उमगले नाही. "बरं," म्हणाल्या, आणि टापटीपरावांचेच आभार मानून गेल्या.